रोबोट व्हॅक्यूम-मॉप घ्यायचाय? पास्कल नंतर बघा, आधी उंबरठा मोजा

सणाचा सेल लागला की फेसबुक-इन्स्टावर एक रील हमखास फिरते. गुळगुळीत पांढरी फरशी, तिच्यावरून थाळीएवढं गोल यंत्र शांतपणे फिरतंय, आणि सोफ्यावर बसून कुणीतरी निवांत चहा पितंय. खाली कमेंटमध्ये एकच गर्दी: किंमत किती? लिंक द्या ना.

खरा प्रश्न मात्र फारसं कुणी विचारत नाही. हे आमच्या घरात चालेल का?

हाच प्रश्न नागझिऱ्याच्या आसपासच्या घरांत नेऊन बघू. गोंदिया-भंडाऱ्याचा हा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. एका बाजूला २०१३ मध्ये जाहीर झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, दुसऱ्या बाजूला धानाची शेतं, आणि गोंदिया शहराकडे राइस मिल. घरं म्हणाल तर एकाच गावात दोन-तीन तऱ्हेची. कुठे कवेलूचं छप्पर आणि शेणानं सारवलेली जमीन, कुठे जुनी शहाबादी फरशी, तर शेजारीच नव्या स्लॅबच्या घरात चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स. पिटेझरी, चोरखमारा, मंगेझरी या गेटांजवळ पर्यटकांसाठी रिसॉर्ट आणि होमस्टेही आहेत, आणि तिथे सफारीवरून आलेल्या प्रत्येक बुटासोबत जंगलातली माती आत येते. इथे जे यंत्र टिकेल ते पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये तर सहज टिकेल. म्हणून निवड करायला ही जागा चांगली.

सारवलेल्या जमिनीचा विषय एका वाक्यात संपतो: तिथे हा रोबोट चालत नाही. व्हॅक्यूमचा ब्रश सारवण उकरतो आणि मॉपचं पाणी त्याचा चिखल करतं. तिथे केरसुणीच बरी, आणि तिचा मान तसाही मोठा, लक्ष्मीपूजनाला पूजा तिचीच होते. पुढचं सगळं फरशीच्या घरांसाठी.

हे यंत्र नेमकं करतं काय?

पोटाखाली एक फिरता मोठा ब्रश, कडेला एक-दोन छोटे ब्रश, आत हवा ओढणारी मोटर, धूळ साठवायचा डबा, आणि मागे ओलं कापड. झाडू आणि पोछा एकाच फेरीत, अशी ही कल्पना.

कल्पना जुनी आहे. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सनं १९९६ मध्ये ट्रिलोबाइट नावाचा नमुना दाखवला आणि २००१ मध्ये तो बाजारात आणला. पण लोकांच्या घरात पोचला तो अमेरिकेच्या आयरोबोटचा रूम्बा, २००२ मध्ये. सुरुवातीचे रोबोट भिंतीला धडकायचे, वळायचे, पुन्हा धडकायचे. भारतात मोठी मागणी दिसली ती २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. घरकामाला येणाऱ्या मावशींना सोसायटीत प्रवेश बंद झाला आणि झाडू-पोछा घरच्यांच्या गळ्यात आला. शाओमीनं त्याच एप्रिलमध्ये आपला पहिला व्हॅक्यूम-मॉप क्राउडफंडिंग करून १७,९९९ रुपयांना भारतात आणला होता.

पास्कलची शर्यत कुणासाठी?

कुठल्याही जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात एक आकडा असतो: ५,००० पास्कल, १०,००० पास्कल, २०,००० पास्कल. ही ओढण्याची ताकद. आकडा मोठा म्हणजे यंत्र भारी, असा आपला समज होतो.

पण हा आकडा हवेचा दाब सांगतो. ब्रश जमिनीला किती नीट टेकतो, हवा किती वाहते, फिल्टर किती लवकर बुजतो, यातलं काहीच तो सांगत नाही. शिवाय तो कंपनीनं स्वतः, सगळ्यात जोरात चालणाऱ्या मोडमध्ये मोजलेला असतो. रोज तुम्ही त्या मोडमध्ये यंत्र चालवणार नाही, कारण आवाज वाढतो आणि बॅटरी लवकर उतरते.

आणखी एक गोष्ट. जास्त ताकद लागते ती गालिच्याच्या धाग्यांत रुतलेली धूळ उपसायला. अमेरिका-युरोपात भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे असतात. आपल्याकडे फरशी. फरशीवर धूळ वरच असते, त्यामुळे २,५०० ते ४,००० पास्कल रोजच्या कामाला पुरतात. टाइल्समधल्या खोल फटींत माती बसत असेल तर थोडं जास्त घ्या. त्यापुढचे पैसे पास्कलवर घालवण्यापेक्षा नकाशा काढणाऱ्या सेन्सरवर आणि मॉपवर घालवलेले बरे.

उंबरठा, दिवाण आणि काळी फरशी

आता पट्टी घ्या. कंपासपेटीतली चालेल.

बहुतेक रोबोट साधारण २ सेंटीमीटर उंचीचा अडथळा चढतात. जुन्या घरांतला लाकडी उंबरठा याच्या दुप्पट-तिप्पट असतो. म्हणजे चार खोल्यांचं घर रोबोटसाठी चार वेगळी घरं होतात, आणि तुम्ही त्याला उचलून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेत बसता. हौस आठवडाभर टिकते, मग यंत्र कपाटावर जातं. काही नव्या महागड्या मॉडेलना बाहेर येणारे पाय किंवा उचलणारी चाकं आहेत आणि ४ ते ६ सेंटीमीटर चढण्याचा दावा आहे, पण तिथे किंमत लाखाच्या घरात जाते. त्यापेक्षा उंबरठ्याला दोन्हीकडून उतरती लाकडी पट्टी लावून घेणं स्वस्त. सुतार एका दिवसात करून देतो. उंबरठ्याची पूजा होत असेल तर घरच्यांना आधी विचारा, एवढंच.

मग फर्निचरखालची जागा मोजा. डोक्यावर फिरता सेन्सर असलेला रोबोट साधारण साडेनऊ-दहा सेंटीमीटर उंच असतो. दिवाण जमिनीला टेकलेला असेल तर प्रश्नच नाही, खाली धूळच जात नाही. वाईट असतो तो मधला प्रकार, नऊ सेंटीमीटरची फट. रोबोट आत घुसतो आणि अडकतो.

काळ्या फरशीचा घोळ तर दुकानदारही सांगत नाहीत. जिन्यावरून पडू नये म्हणून रोबोटच्या पोटाखाली सेन्सर असतात. ते खाली इन्फ्रारेड प्रकाश सोडतात आणि तो परत आला नाही तर समजतात, पुढे खड्डा आहे. काळा कडप्पा किंवा काळा ग्रॅनाइट हा प्रकाश शोषून घेतो. मग सपाट फरशीच्या मधोमध रोबोट थबकतो, मागे सरकतो, गोल गोल फिरतो. घरात काळी फरशी किंवा काळी पट्टी असेल तर यंत्र आधी तिच्यावर चालवून बघितल्याशिवाय परत करायची मुदत संपू देऊ नका.

रोबोटला घर दिसतं कसं?

तीन प्रकार आहेत. सगळ्यात स्वस्त यंत्रं जायरोस्कोपवर अंदाजानं चालतात. नागमोडी फिरतात, थोडीफार जागा सोडतात, आणि 'फक्त स्वयंपाकघर पूस' हे त्यांना नीट कळत नाही. एका हॉलपुरतं काम असेल तर ठीक.

दुसरा प्रकार लायडार. डोक्यावरचा छोटा घुमट लेसरचा किरण फिरवत भिंतींचं अंतर मोजतो आणि घराचा नकाशा काढतो. त्याला अंधारातही काम जमतं. दिवे गेले तरी तो चुकत नाही, आणि झाडीपट्टीत उन्हाळ्या-पावसाळ्यात दिवे जातात हे सांगायला नको. त्याची अडचण आरसा आणि काच. कपाटाला खालपर्यंत आरसा असेल तर नकाशात एक जास्तीची खोली दिसू शकते.

तिसरा प्रकार कॅमेऱ्याचा. पुढे पडलेली चप्पल, चार्जरची वायर, मोजा ओळखून बाजूनं जाणं त्याला जमतं. घरात कुत्रा-मांजर असेल तर हे महत्त्वाचं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अर्कान्सामधल्या एका माणसाची फेसबुक पोस्ट जगभर फिरली होती: रात्री कुत्र्याच्या पिल्लानं घरात घाण केली आणि ठरल्या वेळी उठलेल्या रोबोटनं ती सगळ्या घरभर सारवली. पुढे २०२१ मध्ये आयरोबोटनं अशी घाण ओळखून टाळणारं मॉडेलच काढलं.

पण कॅमेरा म्हणजे घरात फिरणारा डोळा. 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू'नं २०२२ च्या डिसेंबरमध्ये उघड केलं की आयरोबोटच्या चाचणीतल्या यंत्रांनी टिपलेले घरातले फोटो, त्यात शौचालयात बसलेल्या एका स्त्रीचाही, फोटोंवर खुणा करणाऱ्या कंत्राटी कामगारांकडून सोशल मीडियावर पोचले होते. ती यंत्रं दुकानात विकलेली नव्हती, चाचणीसाठी दिलेली होती, असं कंपनीनं सांगितलं. २०२४ मध्ये अमेरिकेत इकोव्हॅक्सचे काही रोबोट हॅक झाले आणि घरातल्या लोकांना शिव्या देऊ लागले.

त्यामुळे घरात प्राणी नसतील, वायरी उचलायची सवय असेल, तर कॅमेऱ्याशिवायचा लायडार पुरे. सामान्य घरासाठी हाच सगळ्यात शहाणा पर्याय. कॅमेरावालं यंत्र घेतलंच, तर पासवर्ड दुसरीकडे कुठे न वापरलेला ठेवा आणि बेडरूमला ॲपमध्ये 'नो-गो' लावा.

आधी झाडू, मग पोछा

मॉपही तीन तऱ्हांचा. मागे नुसतं ओलं कापड ओढणारा, दोन गोल कापडं दाबून फिरवणारा, आणि रोलरवाला. पहिला प्रकार म्हणजे ओल्या फडक्यानं हलकी धूळ टिपणं. वाळलेला डाळीचा डाग, हळदीचा डाग त्यानं जात नाही. फिरती कापडं जमिनीवर थोडा दाब देतात आणि फरक डोळ्यांना दिसतो. रोलर चालताचालता धुतला जातो, म्हणून एका खोलीची घाण दुसरीत कमी जाते. पण त्याची किंमतही तशी.

फडका एकच असण्याचा तोटा पोछा मारणाऱ्या कुणालाही माहीत आहे. बाई दोन खोल्या झाल्या की फडका पिळते, पाणी बदलते. रोबोट तसं करत नाही. तो ओसरीतली माती घेऊन देवघरापर्यंत जातो. फडका स्वतः धुणारा डॉक घेतला तर हे सुटतं, पण डॉकला जागा लागते, घाण पाणी रोज ओतावं लागतं, आणि दोन दिवस विसरलात तर वास येतो.

धानाच्या पट्ट्यात एक काळजी जास्तीची. दिवाळीच्या आगेमागे कापणी-मळणी सुरू झाली की हवेत बारीक धूळ आणि भुशाचे कण असतात. राइस मिलजवळच्या घरांना तर ही धूळ ओळखीचीच. अशा धुळीवर झाडू-पोछा एकाच वेळी लावला तर फरशीवर रेघा उठतात. या दिवसांत यंत्र आधी फक्त व्हॅक्यूमवर चालवा, मग कापड लावून दुसरी फेरी. फिल्टर एरवी आठवड्यातून झटकत असाल तर आता दर दोन-तीन दिवसांनी झटका. फिल्टर धुता येणारा असेल तर पूर्ण दिवस वाळवूनच परत बसवा. ओला फिल्टर मोटरच्या मुळावर येतो. पावसाळ्यात दाराशी आलेला चिखल मात्र रोबोटला देऊ नका, तो आधी हातानंच पुसायचा. चुलीची राख तर नाहीच.

पाण्याच्या टाकीत फिनाईल ओतायचा मोह होतो. ओतू नका. आतला छोटा पंप आणि रबर खराब होतं, आणि कंपनी वॉरंटी नाकारायला मोकळी. बोअरचं पाणी जड असेल तर पांढरा थर बसून पंप चोंदतो. गाळलेलं मऊ पाणी वापरा, आणि काम झालं की टाकी रिकामी करून ठेवा.

आपल्या घरांचं आणखी एक. जमिनीवर तेवत ठेवलेली समई किंवा पणती रोबोटला नीट दिसेलच असं नाही. धक्का लागला तर तेल आणि आग दोन्ही. देवघराभोवती ॲपमध्ये बंदीची चौकट आखून ठेवा. रांगोळी तो बिनदिक्कत गिळतो. गोधडीच्या दशा, साडीचा लोंबता पदर, पातळ प्लॅस्टिकची चटई, तांदळाच्या पोत्याची सुतळी, हे सगळं ब्रशमध्ये गुंडाळलं जातं.

खर्चाचं गणित

बाजारभाव सेलनुसार हलतात, पण ढोबळ चित्र असं: दहा-पंधरा हजारांत जायरोस्कोपवाले, पंधरा ते पंचवीस हजारांत लायडारवाले, तीस-चाळीस हजारांच्या पुढे धूळ आपोआप रिकामी करणारा डॉक, आणि फडके धुणारे-वाळवणारे डॉक पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे.

समजा ३०,००० रुपयांचं यंत्र चार वर्षं चाललं. वर्षाला ७,५०० झाले. ब्रश, फिल्टर, फडके, पिशव्या यांचे वर्षाला २,५०० धरा. एकूण १०,०००, म्हणजे महिन्याला आठशेच्या वर. चार वर्षांत बॅटरी बदलावी लागली तर तो खर्च वेगळा. हा आकडा तुमच्या गावात झाडू-पोछ्याला जे देता त्याच्याशी लावून बघा. गोंदियात आणि ठाण्यात उत्तर वेगळं येईल. आणि लावताना हेही धरा की येणारी बाई जिने, कोपरे, बाथरूम, गॅलरी, खिडक्यांच्या पट्ट्या हे सगळं करते. यातलं एकही काम रोबोट करत नाही. तिला काढून त्याला आणणं हा हिशोब बहुतेक घरांत जुळत नाही.

विजेची चिंता मात्र करू नका. ५,२०० एमएएच आणि १४.४ व्होल्टची बॅटरी म्हणजे साधारण ७५ वॉट-तास. पूर्ण चार्जिंगला जेमतेम ०.१ युनिट. रोज चालवलं तरी महिन्याला तीनेक युनिट. गरम पाण्यानं फडके धुणारा डॉक असेल तर जास्त.

सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. रोबोट घरी आला की कामाचा आकार बदलतो: फरशीवरचं सामान उचलणं, टाकी भरणं, डबा ओतणं, ब्रशमध्ये गुंतलेले लांब केस कात्रीनं कापून काढणं. ही कामं कोण करणार ते यंत्र मागवायच्या आधी ठरवा. नाहीतर ज्या व्यक्तीचा वेळ वाचावा म्हणून पैसे घातले, तिच्याच यादीत चार नवी कामं चढतात.

साकोलीतून नागपूर किती लांब?

छोट्या गावांसाठी निवडीचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे, आणि रीलमध्ये तो कधीच येत नाही. सेवा केंद्र. साकोलीपासून नागपूर शंभरेक किलोमीटर. चाक बिघडलं तर कंपनीचा माणूस घरी येणार, कुरिअर यंत्र घेऊन जाणार, की तुम्हीच ते पिशवीत घालून एसटीनं नेणार? मागवण्याआधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करा, आपला पिनकोड सांगा आणि उत्तर ईमेलवर मागा. या एका फोनवर निम्म्या कंपन्या यादीतून गळू शकतात. ब्रश-फिल्टर त्याच पिनकोडवर मिळतात का, तेही तेव्हाच बघा.

भारतात अधिकृतपणे न विकलेलं, परदेशातून थेट येणारं यंत्र स्वस्त दिसतं, पण वॉरंटी इथे चालत नाही. चिनी बाजारासाठीची काही यंत्रं तिथल्याच सर्व्हरशी बोलतात, आपल्या ॲपला जुळत नाहीत. अमेरिकेतल्या भावानं भेट आणलेल्या यंत्राच्या डॉकवरचं लेबल तर वाचाच. फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला सरळ लावू नका.

वाय-फायचंही तपासा. बहुतेक रोबोट २.४ गिगाहर्ट्झवरच जोडले जातात. घरात राउटर नसेल आणि सगळं मोबाइल हॉटस्पॉटवर चालत असेल तर ॲप जोडताना डोकेदुखी होते, आणि तुम्ही फोन घेऊन बाहेर पडलात की नकाशा, वेळापत्रक, नो-गो काहीच बदलता येत नाही. यंत्रावरचं बटण दाबून ते इंटरनेटशिवाय चालतं का, हे विक्रेत्याला विचारा.

कंपनी टिकेल का, हाही प्रश्न आता खरा आहे. निएटो ही जुनी कंपनी २०२३ मध्ये बंद झाली. आयरोबोटला विकत घ्यायचा ॲमेझॉनचा व्यवहार २०२४ च्या जानेवारीत फिसकटला आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. सर्व्हर बंद पडला तर नकाशावालं महाग यंत्र बटणावर चालणारं साधं यंत्र होऊन बसतं. ज्या कंपनीचे सुटे भाग आज सहज मिळतात तिच्याकडे झुकलेलं बरं.

वाद झालाच तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ कामाला येतो. कंपनी बेंगळुरूत असो की दिल्लीत, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे गोंदियाकरांनी गोंदियातच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहेच.

यंत्र आलं की खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा. पहिल्या फेरीला फडका न लावता नुसता नकाशा काढू द्या आणि घरात थांबा, कुठे अडकतं ते बघा. परत करायची मुदत बहुतेक वेळा सात ते दहा दिवसांची असते, त्यात ते रोज चालवा: काळ्या पट्टीवर, उंबरठ्यावर, दिवाणाखाली. आणि खोकं, थर्माकोलसकट, वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. कुरिअरवाला उघडं यंत्र घेत नाही.